दोन ते आठ

आरोग्य मंत्रालय मी पाहिलेलं नाही.
दिल्लीत आहे म्हणतात, मोठी इमारत.
तिथं कुणीतरी पंख्याखाली बसून ठरवलं
की लशीनं दोनच्या खाली उतरायचं नाही,
आठच्या वर चढायचं नाही.
आमची ओळख एवढीच.

सव्वीस वर्षं झाली.
सकाळी साडेनऊ, संध्याकाळी साडेचार,
फ्रीजचं झाकण उचलायचं, काटा बघायचा,
वहीत आकडा, पुढं सही: भ. पा. मगदूम.
रविवारीसुद्धा.
थोरलीच्या लग्नादिवशीसुद्धा, हळदीच्या हातानं.
त्या पानावर अजून पिवळं बोट आहे.

कुरुंदवाडच्या अलीकडं आमचं केंद्र.
कृष्णा फुगली की पंचगंगा मागं सरते,
शिवारात शिरते, उलटी.
दिल्लीला हे कसं माहीत असणार?
त्यांच्या तक्त्यात पुराला रकाना नव्हता.

त्या वर्षी पाणी आधी गोठ्यांत आलं,
मग दवाखान्याच्या पायरीला,
मग फ्रीजच्या पायाशी.
लाईट गेली. जनरेटरचं डिझेल संपलं.
सदा हुजरेनं लशीची पेटी डोक्यावर घेतली,
मी वही प्लॅस्टिकात गुंडाळून पोटाशी,
आणि गुळाच्या काहिलीत बसून
आम्ही शाळेच्या माडीवर गेलो.

बर्फ तीन दिवस टिकला.
चौथ्या दिवशी लिहिलं: चौदा.
सहाव्या दिवशी: एकवीस.
आठव्या दिवशी पेन संपलं. पेन्सिलीनं: पंचवीस.
सदा म्हणाला, "अण्णा, आठ लिवा की.
ह्या पाण्यात कोण येतंय बघायला?"

खरंच, कोण येतंय.

पोलिओच्या बाटलीवर एक वर्तुळ असतं,
त्याच्या पोटात पांढरा चौकोन.
उष्मा खात जाईल तसा चौकोन सावळतो.
वर्तुळाच्या रंगाला भिडला की बाटली मेली,
आत औषध काठोकाठ असलं तरी.
ज्यानं हे काढलं त्याला ठाऊक असावं
की कुठंतरी एक माणूस
मेणबत्ती वाकडी धरून
अर्ध्या नखाएवढा चौकोन बघत बसेल.

माडीवर, उलट्या बाकांच्या आडोशाला,
गवंड्यांच्या सुनेचं दीड महिन्याचं पोर.
"दोन थेंब तर हायत, सिस्टर. घाला की."
रेशमा मुजावरनं बाटली खिडकीशी नेली,
माझ्याकडं पाहिलं.
मी वहीकडं पाहिलं.
"ही गेली गं," ती म्हणाली,
"पाणी उतरू दे. मी घरी येऊन देते.
घर कुठंबी असू दे."

बासष्ट बाटल्या. एकेक मोजून बाजूला ठेवली.
मेलेल्यांची मोजदाद चुकू नये, असं वडील म्हणायचे,
ते म्हशींबद्दल होतं.

पाणी उतरलं, जयसिंगपूरकडून गाडी आली,
निळी पेटी, कडक बर्फ, चौकोन दुधासारखे.
रेशमा चप्पल हातात घेऊन चिखलातनं गेली.
गवंड्यांचं घर पडलं होतं.
पोर सापडलं, मामाच्या गावी, उदगावला.

अडीच महिन्यांनी पत्र.
दिल्लीहून पुणं, पुण्याहून कोल्हापूर, मग शिरोळ,
ठिकठिकाणी शिक्के खाऊन जाड झालेलं:
बासष्ट बाटल्या वाया गेल्याचा खुलासा
सात दिवसांत सादर करावा.
लई डोकं फिरलं.
तीन कागद लिहिले, तीनही फाडले.
मग रात्री जेवताना घास हातातच राहिला:
आमच्या बासष्ट बाटल्या
तिथवर कमी पडल्या म्हणजे.
तिथं कुणीतरी मोजत होतं म्हणजे.

खुलासा एका शब्दाचा पाठवला: पूर.
मागं वहीची पानं जोडली,
चौदा, एकवीस, पेन्सिलीतले पंचवीस.

उत्तर आलं नाही.
पुढल्या वर्षीच्या तक्त्यात मात्र
अगदी शेवटी, बारीक अक्षरात, एक रकाना जास्त होता:
नैसर्गिक आपत्ती, असल्यास.
तो आमच्यामुळं आला असं मी म्हणत नाही.
सदा म्हणतो, चहाच्या गाड्यावर, दर आषाढात,
आणि बिल मला द्यायला लावतो.

आज सकाळी काटा चारवर.
संध्याकाळचा अजून बघायचाय.